आतून लावायचा नकाशा

अंकुश,

त्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला मला तोंड राहील. तू माझ्या दुकानाच्या दारात येऊन हाक मारलीस, "शेठ, चहा घेतो का?" आणि मी मान वर न करता म्हणालो, "आत्ता न्हाई, गिऱ्हाईक हाय." दुकानात होतो मी आणि ऑइलचे डबे. दारातून माझं दुकान पार मागच्या भिंतीपर्यंत दिसतं, हे तुलाही माहीत होतं आणि मलाही. तू "बरं" म्हणालास आणि परत गेलास. दुसऱ्या दिवशी सकाळी जालन्याला दवाखान्यात नेता नेता वाटेतच तू गेलास. म्हणजे आपल्या दोघांतलं शेवटचं बोलणं हे असं झालं, आणि त्यातही माझा वाटा खोट्याचा.

आज पंधरावा दिवस आहे. हे लिहून मी कपाटात ठेवणार आहे, कुणाला दाखवणार नाही. का, ते पुढे येईलच.

शहागडच्या हायवेवर आपली दोन दुकानं भिंतीला भिंत लावून. माझं गाड्यांच्या सामानाचं, वडिलांपासूनचं. तुझं रेडियमचं. बाहेरगावच्या माणसाला रेडियमचं दुकान म्हणजे काय ते सांगावं लागतं. ट्रकच्या मागं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, मोटारसायकलच्या टाकीवर जी रंगीत चिकट नक्षी असते, नावं, वाघ, घोडे, देव, ते सगळं कापून चिकटवून देणारा म्हणजे तू. आधी ब्लेडनं हातानं कापायचास, पुढे मशीन आलं. पण नकाशा मात्र तू शेवटपर्यंत हातानंच कापलास, आणि त्यावरून मी तुझं डोकं कमी खाल्लं नाही.

आठवतं ना, मी शाळेतला नकाशा घेऊन आलो होतो? म्हणालो, "आंक्या, तुझा महाराष्ट्र म्हंजे भाकर दिसून राह्यली. कोकणाची किनारपट्टी कुठं गेली? ह्या खाड्या कुठं गेल्या?" तू नकाशा हातात घेतलास, त्या सगळ्या बारीक दात्यांवरून बोट फिरवलंस आणि म्हणालास, "शेठ, हे दाते पहिल्या धुण्यात उखडतेत. एक दाता उखडला की त्याच्या मागं सगळी शीट उचलती. मंग ना कोकण राहत, ना जालना. त्याच्यापेक्षा जरा गोल बरा." मी म्हणालो हा भूगोलाचा खून आहे. तू म्हणालास भूगोल सरांकडं, टिकाऊ माल तुझ्याकडं. वीस वर्षं आपण हे भांडलो आणि वीस वर्षं तुझे गोल महाराष्ट्र पार कन्याकुमारीपर्यंत जाऊन आले.

आणि टिकली! तुझ्या दुकानातून टिकलीशिवाय एकही नकाशा बाहेर पडला नाही. नकाशा लावून झाला की तू लाल रेडियमचा बारीक गोल कापायचास आणि गिऱ्हाइकाच्या बोटाच्या टोकावर ठेवायचास. "गाव कुठं हाय तुमचं? लावा तुमच्या हातानं." भले सहा फुटी ड्रायव्हर, दिवसभर हॉर्न आणि शिव्या, पण टिकली बोटावर आली की श्वास रोखून उभे राहायचे. मराठवाड्यावर बोट न्यायचे, मागं घ्यायचे, पुन्हा न्यायचे. कुणी बीड लावायचं, कुणी परभणी. एकदा तीर्थपुरीची एक नवी नवरी स्कूटी घेऊन आली होती. टिकली बोटावर घेऊन ती नुसतीच उभी. तू विचारलंस, "काय झालं ताई?" ती म्हणाली, "माहेरचं गाव लावू का सासरचं?" तू दुसरी टिकली कापलीस आणि तिच्या दुसऱ्या बोटावर ठेवलीस. ती गेल्यावर मी म्हणालो की असं केलं तर लोक सोयऱ्याधायऱ्यांची गावं लावून नकाशा गोवर आल्यासारखा करतील. तू म्हणालास, "करू दे की. काय बिघडलं?"

तुझं एक शास्त्र होतं. गावात राहणारा माणूस गाडीवर वाघ लावतो, गाव सोडून जाणारा नकाशा लावतो. "वाघ लोकायला दाखवायला असतो," तू म्हणायचास, "नकाशा आपल्याला." मी हसायचो. मला तेव्हा त्यात काय कळण्यासारखं होतं? मी कुठं गाव सोडून गेलो होतो? माझ्या पणजोबांनी राजस्थान सोडलं, गोदाकाठी येऊन दुकान टाकलं, आणि तेव्हापासून आम्ही इथंच. मी तुझ्याच शाळेत शिकलो, तुझ्याच बाकावर बसलो, तुझ्याच आईच्या हातची ज्वारीची भाकरी आणि ठेचा खाऊन मोठा झालो. माझी मारवाडी ऐकून आमचे पाहुणे तोंडाला रुमाल लावतात.

आणि तरी मी नकाशा मागायला तुझ्याकडे आलोच.

नवी गाडी घेतली होती. संभाजीनगरला समाजाचा मेळावा होता, आणि माझ्या सगळ्या चुलत-मावस भावांच्या गाड्यांच्या मागच्या काचेवर राजस्थानचा नकाशा, कुणाच्या नकाशात उंट, कुणाच्या किल्ला. मला वाटलं आपली काच रिकामी बरी दिसत नाही. तुझ्या दुकानात चार-पाच ड्रायव्हर बसले होते. मी म्हणालो, "राजस्थान काप. मोठा. पिवळा." तू कागदावर पेन्सिलीनं आकार काढलासही. मग सवयीनं विचारलंस, "टिकली कुठं?"

मला माहीत नव्हतं, अंकुश. आमचं गाव राजस्थानात कुठं, ते मला माहीत नव्हतं. गावाचं नाव माहीत होतं, ते नकाशात उजवीकडं की डावीकडं, वर की खाली, बिलकुल ठाऊक नाही. मी काकांना फोन लावला, तो लागेना. आणि तू हसलास. मनापासून, पोट धरून. "काय राव शेठ! गावाचा पत्ता न्हाई आन् नकाशा लावून राह्यला!" ड्रायव्हरही हसले. त्यात वाकडं काहीच नव्हतं, आज मला दिसतं. तू मला तिसरीपासून असाच हसत आलास, मीही तुला. पण त्या दिवशी कुठं लागलं कुणास ठाऊक. मी म्हणालो, "तुला काय जातं हसायला? तुझं गाव जागेवर हाय. आम्ही चार पिढ्या राहिलो तरी तुमच्यासाठी मारवाडीच." तुझं हसू एकदम गेलं. मी उठून निघून आलो.

शेठ म्हणून तू मला चाळीस वर्षं चिडवलंस. मी कधी चिडलो नाही. चिडलो तो नेमका त्या दिवशी.

दोन दिवसांनी मंदावहिनी घरी आल्या. मी जेवत होतो. वर्तमानपत्राच्या सुरळीत गुंडाळलेला नकाशा त्यांनी माझ्या बायकोच्या, खुशीच्या आईच्या हातात दिला, "ह्यांनी पाठवला" म्हणाल्या, चहा घेतला, वांग्यांबद्दल बोलल्या आणि गेल्या. उघडून पाहिला. सुंदर कापला होतास. एवढा बारीक किल्ला तू ब्लेडनं कसा कापलास देव जाणे. सोबत कागदाला चिकटवलेली एक लाल टिकली. पण मला तुझ्याकडून लावून घ्यायचा नव्हता, माझा ताठा आडवा आला. दुसऱ्या दिवशी जालन्याला काम होतं, तिथल्या गाड्या सजवणाऱ्याकडून काचेवर बाहेरून लावून घेतला. तोवर काकांचा फोन लागला होता. म्हणाले, "डावीकडं, जोधपूरच्या खाली." मी टिकली डावीकडं खाली लावली. मोठ्या रुबाबात.

मेळाव्यात सगळ्यांनी माझ्या गाडीमागं उभं राहून फोटो काढले. ज्यांचे आजोबा-पणजोबा त्या मातीतून आले असे दीडशे-दोनशे लोक त्या काचेसमोरून गेले. वाहवा केली. एकालाही काही वेगळं दिसलं नाही.

दिसलं ते माझ्या खुशीला. महिन्याभरानं ती भूगोलाचा अभ्यास करत अंगणात बसली होती. एकदा पुस्तकात पाही, एकदा गाडीकडं. म्हणाली, "पप्पा, आपला राजस्थान उलटा आहे. आरशातल्यासारखा. आपली टिकली मध्य प्रदेशाकडं गेली आहे." मी पुस्तक हिसकावून पाहिलं. खरंच होतं. पतंगासारखा आकार तो, पटकन लक्षात येत नाही. पण एकदा लक्षात आलं की दुसरं काही दिसत नाही.

त्याच पावली तुझ्याकडं येऊन मी जे बोललो ते आता शब्दाला शब्द लिहितो, कारण ते विसरायची सोय मला नको. मी गाडी तुझ्या दारात उभी केली आणि म्हणालो, "मुद्दाम उलटा कापला ना? माझ्या लोकांत माझी शोभा करायला? एवढंच वाटत होतं तर तोंडावर बोलायचं, की तू इथला न्हाई." आणि तुझ्या डोळ्यांदेखत मी तो नकाशा नखांनी ओरबाडून काढायला लागलो. अर्धा निघाला, अर्धा गोंद काचेवरच राहिला. तू तोंड उघडलंस. काहीतरी सांगणार होतास. मग तुझं लक्ष आत गेलं, मंदावहिनी मशीनजवळ बसून रेडियमचे तुकडे निवडत होत्या, मशीनच्या आवाजात त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं. तू तोंड मिटलंस. म्हणालास, "राह्यलेलं राकेलनं निघंल." फडकं आणि बाटली घेऊन आलास, आणि माझ्या गाडीची काच तू पुसलीस. मी कमरेवर हात ठेवून उभा होतो. पार डाग जाईपर्यंत पुसलीस.

त्यानंतर चहा बंद. म्हणजे तुझी हाक बंद झाली नाही, माझं येणं बंद झालं. दोन वर्षं रोज चारच्या सुमाराला तू हाक मारलीस, आणि रोज माझ्याकडं काहीतरी निमित्त होतं. माल उतरायचा आहे. बँकेत जायचं आहे. गिऱ्हाईक हाय. गावात कुणी विचारलं तर तू म्हणायचास शेठला साखर वर्ज्य आहे. मला शुगर नाही, अंकुश. तू माझी अब्रू झाकत होतास आणि मी तुझी भर रस्त्यात काढून बसलो होतो.

आता खरं सांगायचं ते. तू गेल्याच्या पाचव्या दिवशी मी तुझ्या घरी बसलो होतो. वहिनी आतून एक जाड फाईल घेऊन आल्या. तू कापलेल्या प्रत्येक नकाशाचा पेन्सिलीचा कागद तू जपून ठेवला होतास, वर गिऱ्हाइकाचं नाव, हे मला माहीतच नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "तुमचा बी हाय बघा." आणि माझ्यासमोर तो राजस्थान ठेवला. वर तुझ्या त्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं: "पारस. आतून."

अंकुश, मी आयुष्यभर गाड्यांचं सामान विकतो. काचेला आतल्या बाजूनं लावायची शीट उलटी कापावी लागते, तेव्हाच ती बाहेरून सुलटी दिसते, हे मला का सुचू नये? ड्रायव्हरच्या काचेवर नाव लावताना तू हेच करायचास, मी शंभरदा पाहिलं होतं. "आतून लावला की धुण्यात जात न्हाई, उन्हात उडत न्हाई, गाडी हाय तवर राहतो," हे तुझंच वाक्य. मी तुझ्यावर आग पाखडून गेलो होतो, आणि तू घरी बसून माझा नकाशा कायमचा टिकावा म्हणून उलटा कापत होतास.

मी कागद हातात धरून बसलो. वहिनी कपाळाला आठी घालून काहीतरी आठवत होत्या. मग म्हणाल्या, "त्यांनी मला लई बजावून सांगितल्तं, शेठला सांग आतून लावायचा, बाहेरून लावला तर उलटा दिसंल. आल्ते मी तुमच्याकडं. सांगितल्तं ना मी तुम्हाला? का इसरले?" त्या माझ्याकडं पाहत होत्या. दाराशी बायका बसल्या होत्या. तुझा चष्मा त्या फाईलवरच ठेवलेला होता.

त्या दिवशी वहिनी फक्त वांग्यांबद्दल बोलल्या होत्या. तेव्हा मला कळलं, तू तोंड का मिटलं होतंस ते.

मी म्हणालो, "हो वहिनी. सांगितल्तं तुम्ही. आतूनच लावला मी."

त्यांचा चेहरा निवळला. "मंग बराबर," म्हणाल्या. ह्या पंधरा दिवसांत मी केलेलं एकमेव चांगलं काम ते, आणि तेही तुझंच उसनं घेऊन. म्हणून हे लिहिलेलं कुणाला दाखवणार नाही. तू दोन वर्षं जे झाकून ठेवलंस, ते माझ्या पश्चात्तापाच्या हौसेपायी मी उघडं पाडणार नाही.

वहिनी एवढ्यावर थांबल्या नाहीत. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "तुम्ही चहाला यायचं बंद केलं तवा म्या त्यायला विचारलं, कामून येत न्हाईत शेठ? तुमचं काही झालं का? तर म्हणले, रुसलाय. म्या म्हणलं मंग काढा की समजूत. तर म्हणले, घरचंच माणूस रुसतं. परकं कशाला रुसंल? परकं निघून जातं."

मी इथला नाही असं तुला वाटतं, हा माझा आरोप होता. त्याचं उत्तर तू दिलं होतंस, दोन वर्षांपूर्वीच, फक्त मी ते ऐकायला तुझ्या स्वयंपाकघरात नव्हतो. चुकलो, अंकुश. मी फार चुकलो. हे तोंडावर म्हणायला मला सातशे दिवस होते आणि मधे फक्त एक भिंत होती. तू असतास तर म्हणाला असतास, "जाऊ दे, शेठ, चहा घे." आणि ते इतक्या सहज म्हणाला असतास की मला अजूनच मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. तुझं हे एक वाईट होतं, माणसाला धड माफीही मागू द्यायचा नाहीस.

दहाव्याला आम्ही सगळे गोदावरीवर गेलो. पुढचं सगळं तुझ्या धाकट्या भावानं, बाळूनं केलं. न्हावी वस्तरा काढून बसला आणि त्यानं विचारलं, कोण कोण बसणार. तुझी भावकी एकेक करून ओळीनं बसली. बाळू, तुझे चुलते, चुलतभाऊ. मी मागं, लोकांत उभा होतो. आमच्यात दहावा नसतो, केस काढणं नसतं. कुणी मला बोलावलंही नाही, आणि बोलवायचं कारणही नव्हतं. माझे पाय कधी हलले ते मला सांगता येत नाही, पण मी शर्टाचं वरचं बटण काढलं आणि ओळीच्या शेवटी जाऊन बसलो.

न्हावी आपलाच, तीस वर्षं माझे केस कापतो. माझ्यापर्यंत आला आणि थांबला. "शेठ, तुमच्यात असतंय का असं?"

"न्हाई."

"मंग?"

बाळू ओल्या अंगानं पाण्याच्या कडेला उभा होता. त्यानं मागं वळून पाहिलं. मला वाटलं आता हा म्हणणार, शेठ, तुम्ही कशाला. तो म्हणाला, "काढ त्यांचे बी. जल्दी कर, ऊन चढलं." बस, एवढंच. तुझ्या घरची माणसं बोलायला तुझ्यासारखीच कंजूष.

घरी आलो तर आमच्या बाईनं, माझ्या आईनं, दार उघडलं आणि माझ्या डोक्याकडं बघतच राहिली. मला वाटलं आता आकाशपाताळ एक करणार. तिनं माझ्या टाळूवरून हात फिरवला, दोनदा, आणि न्हाणीघरात पाणी काढून ठेवलंय म्हणून सांगितलं. खुशी दिवसभर माझ्या मागंमागंच होती.

परवा दुकान उघडलं. तुझंही वहिनींनी उघडलं आहे. त्या मशीनवर बसतात, नकाशा अजून कुणी मागितलेला नाही. दुपारी एक ट्रकवाला आला, तिकडचा, पंजाबकडचा असावा. त्याला फॅनबेल्ट हवा होता. मी देत होतो तर त्यानं माझ्या डोक्याकडं पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "सेठजी, घर में कोई गुज़र गया?"

"हाँ," मी म्हणालो. "भाई."

त्यानं हात जोडले. "बड़ा या छोटा?"

शाळेच्या दाखल्याप्रमाणे तू माझ्याहून चार महिन्यांनी मोठा. उभ्या आयुष्यात मी ते एकदाही कबूल केलं नाही, दाखल्यावर मास्तरांनी चूक केली म्हणून तुझ्याशी भांडत आलो.

"बड़ा," मी म्हणालो.